रहाट, पाट आणि युनिक्सची नळी

केळशीच्या नारळी-पोफळीच्या वाड्या ज्यांनी लहानपणी पाहिल्या आहेत, त्यांना शिंपण्याची पद्धत समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु विहिरींवर विजेचे पंप बसल्याला आता बराच काळ लोटला असून आजच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी रहाट फक्त चित्रात पाहिला असेल. म्हणून थोडक्यात सांगतो. रहाटाच्या चाकावरून दोराची माळ विहिरीत सोडलेली असे आणि तिला ओळीने लोटे बांधलेले असत. रेडा किंवा बैल गोल फिरू लागला की भरलेले लोटे वर येत व दोणीत रिकामे होत. दोणीतले पाणी पन्हळीतून पाटात, पाटातून लहान पाटात आणि तेथून एकेका माडाच्या आळ्यात जाई. लोट्याला आळ्याचा पत्ता नसे, पन्हळीला विहिरीची खोली ठाऊक नसे. प्रत्येकाने अलीकडून आलेले पाणी घ्यावे आणि पलीकडे द्यावे, एवढाच नेम. कोणते पाणी कुठे न्यायचे ते ठरवणारा एकच असे आणि तो म्हणजे पायाने माती सारून पाट फिरवणारा माणूस.

प्रस्तुत लेखाचा विषय वाडी नसून संगणक आहे. ‘युनिक्स’ नावाच्या संगणक-प्रणालीत एका आज्ञेतून निघालेला मजकूर सरळ दुसऱ्या आज्ञेत सोडण्याची जी सोय आहे, तिला ‘पाइप’ म्हणजे नळी म्हणतात. आणि अशा नळ्यांनी जोडलेल्या आज्ञांच्या माळेला ‘पाइपलाइन’. ही सोय १९७३ साली अस्तित्वात आली आणि आज, पन्नासहून अधिक वर्षे लोटल्यावरही, जगातील असंख्य यंत्रांवर ती जवळजवळ त्याच रूपात वापरली जाते. तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. शिवाय आमच्यासारख्या शैक्षणिक संस्थांना, ज्यांचा रोजचा संबंध नावांच्या याद्यांशी येतो, त्यातून घेण्यासारखा एक धडाही आहे. तो धडा प्रस्तुत लेखक स्वतःच्या चुकीतून शिकला. त्याची हकिकत शेवटी येईल.

बागेच्या नळीची कल्पना

१९६४ हे साल डोळ्यांसमोर आणावे. त्या वर्षी मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक बसवण्यात आला. त्या काळी संगणक वापरणे म्हणजे त्याच्यासमोर बसणे नव्हे. आपली आज्ञावली आणि आपली माहिती भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवायची, कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि आपली पाळी येऊन छापील कागद हाती पडेपर्यंत थांबायचे. एका आज्ञावलीने काढलेले उत्तर दुसरीला हवे असले, तर ते आधी कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर साठवावे लागे आणि मग दुसरे काम पहिल्यापासून सुरू होई. म्हणजे पाट असतानाही कळशी-कळशीने पाणी वाहण्यातला प्रकार!

त्याच वर्षी, ११ ऑक्टोबर १९६४ रोजी, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथील बेल संशोधनशाळेत डग्लस मॅकिलरॉय या गणितज्ञाने एक छोटे टिपण टाइप केले. त्यात त्यांनी असे सुचवले होते की, बागेत पाणी घालण्याच्या रबरी नळीला गरज पडेल तसा दुसरा तुकडा फिरवून जोडता येतो, त्याप्रमाणे आज्ञावल्या एकमेकींना जोडण्याची काही सोय हवी; म्हणजे माहितीवर आणखी एखादा संस्कार करायचा झाल्यास मध्ये आणखी एक तुकडा बसवला की भागेल. मॅकिलरॉय यांनी केळशी पाहिली नव्हती हे उघड आहे. परंतु पन्हळीला पन्हळ जोडून पाणी पुढे नेणाऱ्या आमच्या वाडीतल्या कोणाही माणसाला त्यांचे म्हणणे एका वाक्यात पटले असते.

कल्पना पटणे वेगळे आणि यंत्रावर उतरणे वेगळे. त्यासाठी नऊ वर्षे जावी लागली.

एका रात्रीचे काम

१९६९ साली बेल संशोधनशाळेने ‘मल्टिक्स’ नावाच्या एका मोठ्या सामायिक प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्या प्रकल्पात काम केलेले केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या एका लहानशा, जुन्या यंत्रावर स्वतःची एक साधी प्रणाली रचण्यास सुरुवात केली. तीच पुढे युनिक्स झाली. पुढे ती पीडीपी-११ या नव्या यंत्रावर आली आणि तिचा पहिला खरा उपयोग बेल कंपनीच्या पेटंट विभागातील दस्तऐवज टाइप करण्यासाठी झाला. यंत्र लहान, स्मृती अपुरी. त्यामुळे आज्ञावल्याही लहानच लिहाव्या लागत, आणि एकीने एकच काम करावे ही शिस्त गरजेतूनच अंगी बाणली. गरिबीतला संसार नेटका असतो म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

मॅकिलरॉय त्या विभागाचे प्रमुख होते. १९७० ते १९७२ या काळात ते अधूनमधून आपली जोडणीची कल्पना पुढे मांडत. कधी फळ्यावर लिहून दाखवत, कधी नवी चिन्हे सुचवत. थॉम्प्सन यांना कल्पना नापसंत नव्हती, पण सुचवलेली मांडणी त्यांच्या मनास येत नव्हती. अखेर एके दिवशी त्यांनी हे काम करतोच असे सांगितले आणि एका रात्रीत ते पुरेही केले. ही जानेवारी १९७३ ची गोष्ट. फेब्रुवारी १९७३ मध्ये निघालेल्या युनिक्स-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत पाइपची नोंद आढळते.

त्या रात्री थॉम्प्सन यांनी दोन कामे केली. एक म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात नळी बसवली. दुसरे काम दिसायला किरकोळ, पण माझ्या मते तेवढ्याच तोलाचे. तोपर्यंत पुष्कळ आज्ञांना कोणती फाइल वाचायची ते नाव देऊन सांगावे लागे. थॉम्प्सन यांनी त्या आज्ञा अशा बदलल्या की, फाइलचे नाव दिले नाही तर त्यांनी समोरून जे येईल ते वाचावे. अशा आज्ञांना पुढे ‘फिल्टर’ म्हणजे गाळणी हे नाव पडले. नळी कितीही चांगली असली तरी जोडायच्या तुकड्यांची तोंडे एका मापाची नसतील तर तिचा काय उपयोग? युनिक्समध्ये हे माप म्हणजे साधा मजकूर, ओळीखाली ओळ. दुसरे काही नाही.

प्रारंभी नळी दाखवण्यासाठी बाणासारखे जे चिन्ह वापरले होते तेच फाइलमध्ये मजकूर सोडण्यासाठीही वापरात होते, त्यामुळे घोटाळा होई. काही महिन्यांतच ते सोडून एक स्वतंत्र चिन्ह घेण्यात आले. ते चिन्ह म्हणजे एक उभी रेघ | . आजही तीच रेघ चालते.

इतिहास लिहिताना श्रेयाचा हिशेब चोख असावा. खुद्द डेनिस रिची यांनी नमूद करून ठेवले आहे की, डार्टमथ विद्यापीठाच्या संगणक-प्रणालीत अशाच प्रकारची सोय आधी होती, मात्र तिचा पुरेपूर उपयोग तेथे झाला नाही. सोय असणे आणि ती सर्वांच्या हाताशी असणे यांत अंतर असते. युनिक्सने ती एका रेघेइतकी स्वस्त केली.

नळीच्या आत काय चालते

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ‘अर्ज’ नावाच्या एका फाइलमध्ये शिष्यवृत्तीचे अर्ज नोंदवलेले आहेत असे समजा. प्रत्येक ओळीत एक अर्ज; आधी विद्यार्थ्याचे नाव, मग गाव, इयत्ता आणि पावती-क्रमांक. केळशीच्या विद्यार्थ्यांपैकी वर्णानुक्रमे पहिली दहा नावे हवी आहेत. त्यासाठी पुढील ओळ पुरेशी आहे (यंत्रावर आज्ञांची नावे रोमन लिपीत टंकावी लागतात, येथे वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत देत आहे) :

ग्रेप केळशी अर्ज | सॉर्ट | हेड

‘ग्रेप’ ही आज्ञा ज्या ओळीत ‘केळशी’ हा शब्द असेल तेवढ्या ओळी निवडते. ‘सॉर्ट’ त्या वर्णानुक्रमे लावते. ‘हेड’ त्यांतल्या पहिल्या दहा दाखवते व थांबते. ही ओळ वाचून तिच्यानुसार कामाला लावणारी जी आज्ञावली असते तिला ‘शेल’ म्हणतात. शेल म्हणजे कवच, शिंपला. प्रणालीच्या गाभ्याभोवतीचे कवच या अर्थाने हा शब्द लुई पूझँ या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने युनिक्सच्याही आधी रूढ केला होता.

शेल ही ओळ वाचतो तेव्हा काय करतो? दोन रेघा पाहून तो प्रणालीच्या गाभ्याकडे दोन नळ्या मागतो. प्रत्येक नळीला दोन टोके असतात, एक ओतण्याचे आणि एक घेण्याचे. मग शेल स्वतःच्या तीन प्रती काढतो. पहिल्या प्रतीचे निर्गमद्वार पहिल्या नळीच्या ओतण्याच्या टोकाला जोडले जाते. दुसरीचे आगमद्वार त्याच नळीच्या घेण्याच्या टोकाला आणि निर्गमद्वार दुसऱ्या नळीला. तिसरीचे आगमद्वार दुसऱ्या नळीच्या घेण्याच्या टोकाला जोडले जाते आणि तिचे निर्गमद्वार पडद्याकडे मोकळे राहते. जोडणी झाल्यावर या तीन प्रती आपले शेलपण टाकून अनुक्रमे ग्रेप, सॉर्ट आणि हेड बनतात. त्यांना आपण नळीला जोडलेले आहोत याची जाणीवही नसते. त्या आपल्या आगमद्वारातून वाचतात व निर्गमद्वारात लिहितात, एवढेच.

येथे तीन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, तिन्ही आज्ञा एकाच वेळी चालू असतात. ग्रेप संपल्यावर सॉर्ट सुरू होतो असे नाही. नळीत थोडीच जागा असते. सुरुवातीच्या युनिक्सवर ती ४०९६ बाइट एवढी होती, आजच्या लिनक्सवर ती साधारणपणे ६५,५३६ बाइट असते. नळी भरली की ओतणाऱ्याला थांबवले जाते, रिकामी झाली की घेणाऱ्याला थांबवले जाते. त्यामुळे फाइल कितीही मोठी असली तरी मधल्या नळीला तिची अडचण होत नाही. पाटात एका वेळी कितीसे पाणी मावते? पण त्याच पाटाने सगळी वाडी भिजते. १९८३ साली आलेल्या एमएस-डॉस या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीतही अशीच उभी रेघ होती. परंतु तेथे पहिली आज्ञा पूर्ण होऊन तिचा मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये साठे आणि मग दुसरी सुरू होई. चिन्ह तेच, पण आतला व्यवहार पुन्हा कळशीचा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक आज्ञेचा स्वभाव वेगळा असतो. ग्रेप ओळ आली की लगेच निकाल देतो. सॉर्टला तसे करता येत नाही. सर्वांत शेवटी आलेली ओळ ‘अ’ ने सुरू होणारी निघाली तर? म्हणून अखेरची ओळ हाती येईपर्यंत तो एकही ओळ पुढे सोडत नाही; माळेच्या मध्ये बसवलेली ती दोणीच म्हणा. अखेर झाली हे त्याला कसे कळते? नळीची ओतण्याची सर्व टोके बंद झाली की घेणाऱ्याला मजकूर संपल्याचा इशारा मिळतो. म्हणूनच शेलला आपल्या हातात उरलेली टोके आठवणीने बंद करावी लागतात. एक जरी टोक उघडे राहिले तरी सॉर्ट बिचारा वाट पाहतच बसेल.

तिसरी गोष्ट उलट दिशेची. हेडला दहा ओळी मिळाल्या की तो निघून जातो. आता घेणारा कोणी उरला नाही, तरी मागचा ओततच राहिला तर काय? प्रणाली त्याला तसा इशारा देते आणि तो इशारा मिळाल्यावर आज्ञा सामान्यतः काम थांबवते. आळे भरले की पाट मागे वळवतात, तसेच हे.

यात आणखी एका द्वाराची भर पडली. नळीत चालणाऱ्या मजकुरातच चुकीचे निरोप मिसळू लागले, तर पुढची आज्ञा त्यांनाही माहितीच समजणार. म्हणून चुकांच्या निरोपांसाठी तिसरे, वेगळे द्वार काढण्यात आले. त्यातून निघालेला निरोप नळीत न जाता सरळ पडद्यावर येतो. ही व्यवस्था शहाणपणाची आहे, पण तो निरोप वाचण्याचे काम मात्र माणसाचेच.

सहा आज्ञांचा धडा

या पद्धतीचे सामर्थ्य दाखवणारा एक प्रसंग १९८६ सालचा आहे. अमेरिकेतील एका प्रतिष्ठित संगणक-मासिकात जॉन बेंटली यांचे सदर येत असे. त्यांनी डोनाल्ड नुथ या थोर संगणकशास्त्रज्ञांना एक कोडे घातले : एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द, त्यांच्या संख्येसह, क्रमाने छापणारी आज्ञावली लिहा. नुथ यांनी अनेक पृष्ठांची, अत्यंत रेखीव आणि पहिल्यापासून स्वतः घडवलेली आज्ञावली सादर केली. तिचे परीक्षण करण्याचे काम मॅकिलरॉय यांच्याकडे आले. त्यांनी नुथ यांच्या कारागिरीची मनापासून वाखाणणी केली आणि मग तेच काम करणारी सहा आज्ञांची एक पाइपलाइन लिहून दाखवली.

तिची रीत शब्दांत सांगता येईल. आधी मजकूर असा तोडायचा की प्रत्येक ओळीवर एकच शब्द राहील. मग मोठी इंग्रजी अक्षरे लहान करायची. मग सगळे शब्द वर्णानुक्रमे लावायचे, म्हणजे सारखे शब्द शेजारी येतात. मग ‘युनिक’ या आज्ञेने शेजारच्या सारख्या ओळींची एक ओळ करून तिच्यापुढे संख्या घालायची. मग संख्येनुसार उतरत्या क्रमाने पुन्हा लावायचे आणि शेवटी हव्या तेवढ्या ओळी ठेवून बाकीच्या सोडून द्यायच्या. यांपैकी एकही आज्ञा शब्द मोजण्यासाठी म्हणून जन्मलेली नव्हती. १९७८ साली मॅकिलरॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तत्त्व मांडले होते : आपल्या आज्ञावलीतून निघणारा मजकूर उद्या कोणत्या तरी, अजून जन्मालाही न आलेल्या, आज्ञावलीला पुरवला जाईल असे धरून चालावे.

या सहा पायऱ्यांतली एक बाब विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावी. युनिक ही आज्ञा फक्त शेजारच्या ओळी ताडून पाहते. सारख्या ओळी दूर-दूर असल्या तर तिला त्या दिसत नाहीत. म्हणून युनिकच्या आधी सॉर्ट हवाच. क्रम चुकला तरी यंत्र तक्रार करीत नाही. फक्त उत्तर चुकीचे येते.

मराठी आणि उर्दूचे पाणी

येथवरची कहाणी इंग्रजी मजकुराची झाली. आपली लिपी या नळीतून कशी जाते?

भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ ही सांकेतिक पद्धत तयार झाली व १९९१ साली तिला भारतीय मानकाचे रूप मिळाले. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा त्या कामाशी निकटचा संबंध होता. परंतु उर्दूसारख्या फारसी-अरबी वळणाच्या लिपींसाठी निराळी पद्धत होती. म्हणजे ज्या शाळेत मराठी आणि उर्दू या दोन्ही माध्यमांचे वर्ग आहेत, तिची एकच यादी दोन्ही लिपींत ठेवणे अवघडच. ‘युनिकोड’ने सर्व लिपींना एका छत्राखाली आणले. मात्र एक प्रश्न उरला. नळीतल्या जुन्या आज्ञा एकेक बाइट मोजत चालणाऱ्या, त्यांना ही हजारो नवी चिन्हे कशी पचावीत?

हा प्रश्न ज्यांनी सोडवला त्यांत एक नाव आपल्या ओळखीचे आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासह ‘यूटीएफ-८’ ही पद्धत आखली. तिची पहिली रूपरेषा न्यू जर्सीतील एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर उतरली असे पाइक यांनी सांगितले आहे. या पद्धतीत उर्दूचे एक अक्षरचिन्ह दोन बाइटांत आणि देवनागरीचे तीन बाइटांत मावते. त्या बाइटांत ओळ संपल्याची खूण किंवा कोणतेही जुने रोमन चिन्ह चुकूनही येत नाही. त्यामुळे वीस-वीस वर्षे जुन्या आज्ञाही मराठी ओळ मध्येच न तोडता पुढे सोडतात. ज्या माणसाने नळी बसवली, त्यानेच वीस वर्षांनी तिच्यातून आपल्या लिपीचे पाणी जाऊ शकेल अशी तजवीज केली, हा इतिहासातला सुंदर योग आहे.

तरीही यंत्राचे वाचन आणि माणसाचे वाचन एक नव्हे. ‘केळशी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा. यंत्राच्या लेखी त्यात पाच चिन्हे आहेत, कारण मात्रा आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. आणि बाइट मोजले तर ते पंधरा भरतात. चिन्हांच्या निव्वळ क्रमांकाप्रमाणे लावले तर ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच मागे येतो, आपल्या वर्णमालेप्रमाणे ‘ह’ च्या पुढे नव्हे. नुक्त्याचा ‘ज़’ एका चिन्हातही लिहिता येतो आणि ‘ज’ व नुक्ता अशा दोन चिन्हांतही; डोळ्यांना दोन्ही सारखेच, युनिकला मात्र दोन वेगळी नावे. उर्दूतला ‘ये’ आणि ‘काफ’ अरबी कळफलकावरून टंकला तर असाच भेद पडतो. मग महंमद, मुहम्मद आणि मोहम्मद ही एकाच मुलाच्या तीन दाखल्यांवरची तीन रूपे यंत्राने एक मानावीत, अशी अपेक्षा तरी कशी करावी?

यादीत नसलेले नाव

आता कबूल केलेली हकिकत. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या शिष्यवृत्तीची यादी करण्याचे काम प्रस्तुत लेखकाने हौसेने अंगावर घेतले. काही पालकांनी धास्तीपोटी दोन-दोन अर्ज भरले होते, ते दुबार अर्ज काढून टाकायचे होते. मी एक ओळ टंकली. अर्जांच्या फाइलमधून नावाचा रकाना वेगळा काढला, तो सॉर्टमध्ये सोडला, सॉर्टमधून युनिकमध्ये आणि निघालेली यादी छापून फलकावर लावली. अर्धा दिवस लागणारे काम क्षणात झाले म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

वाटपाच्या दिवशी खाडीपलीकडच्या एका गावाहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. हातात पावती, पण यादीतले नाव घेऊन दुसऱ्याच मुलीचे पालक सकाळीच गेलेले.

“साहेब, पावती तुमचीच आहे ना?” त्यांनी विचारले.

“पावती आमचीच आहे चाचा, पण नाव एकदाच आहे.” मी म्हणालो.

“नाव एक आहे. मुली दोन आहेत,” ते म्हणाले.

मुलगी काही बोलली नाही. ती फलकावरच्या यादीकडे पाहत उभी होती.

दोन गावांतल्या दोन मुली. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव सगळे एक. आमच्या किनारपट्टीत हे काही नवलाचे नाही. गावाचा रकाना मी पहिल्याच सांध्यावर कापून टाकला होता. त्यानंतर सॉर्टने दोघींना शेजारी आणले आणि युनिकने दोन ओळींची एक केली. कापणाऱ्या आज्ञेने सांगितले तेवढेच कापले, लावणारीने नीट लावले, गाळणारीने बरोबर गाळले. चूक एकाही आज्ञेची नव्हती. पाट फिरवणारा मी होतो आणि एक आळे कोरडे राहिले होते. सुदैवाने अर्जांची मूळ फाइल शाबूत होती. चूक त्याच आठवड्यात दुरुस्त झाली आणि मुलीला तिचे पैसे मिळाले. पण ते गृहस्थ त्या दिवशी आले नसते तर? आपले नाव लागले नाही असे समजून जे घरीच बसतात, त्यांची चूक कोण दुरुस्त करणार?

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. प्रत्येक सांध्यावर आत किती ओळी गेल्या आणि बाहेर किती आल्या ते मोजायचे. ‘डब्ल्यूसी’ ही आज्ञा ते काम करते. मधल्या टप्प्यावरचा मजकूर पाहायचा असेल तर ‘टी’ ही आज्ञा बसवायची. ती प्रवाह पुढे सोडते आणि त्याची एक प्रत फाइलमध्ये ठेवते. दुबार नोंदी यंत्राला पुसायला सांगायच्या नाहीत. युनिकला फक्त दुबार ओळी दाखवण्याचाही हुकूम देता येतो. त्या पाहून निर्णय माणसाने करायचा. गावाचे नाव शोधताना ‘केळशी’ मागितले तर दुसऱ्या गावात राहणारे ‘केळशीकर’ आडनावाचे लोकही येतात, हेही ध्यानात ठेवायचे. शिवाय शेल सामान्यतः माळेतल्या फक्त शेवटच्या आज्ञेचे यश-अपयश कळवतो. पहिलीला फाइलच सापडली नाही, तरी शेवटची आपले काम यशस्वी झाले असेच सांगते. मधले अपयशही कळावे यासाठी ‘पाइपफेल’ नावाची सोय काही शेलमध्ये बऱ्याच वर्षांपासून होती. २०२४ च्या ‘पॉझिक्स’ या प्रमाण-नियमावलीत तिचा समावेश झाला. ती चालू ठेवावी.

हे सर्व शिकण्यासाठी आज फार मोठी सामग्री लागत नाही. लिनक्स ही युनिक्सच्या वळणाची प्रणाली १९९१ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. अँड्रॉइड फोनच्या पोटात तिचाच गाभा असतो आणि ‘टर्मक्स’सारखे साधन घेतले की फोनवरही या नळ्या जोडून पाहता येतात. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या शेलविषयक इंग्रजी पुस्तकावर अनेक विद्यार्थी शिकले. आय.आय.टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही ऐकता येतात. आमच्या मुलामुलींनी, विशेषतः ज्यांना पुढे कार्यालयांत, बँकांत, आखातात वा जहाजांवर नोंदी सांभाळण्याचे काम करायचे आहे त्यांनी, सुटीतले आठ दिवस तरी याला द्यावेत.

असो. रहाट गेले, पंप आले. उद्या आणखी काही येईल. नळीतून झरझर वाहणाऱ्या प्रत्येक ओळीमागे एक घर असते, आणि त्या घरातले कोणी तरी आपले नाव शोधत फलकासमोर उभे असते. वाडीतला जाणता माणूस शिंपणे झाल्यावर लगेच घरी जात नसे. शेवटच्या माडापर्यंत चालत जाऊन, आळ्यात पाय घालून, पाणी पोहोचले की नाही ते पाहत असे. आपण संगणकावर बसणाऱ्यांनी तेवढे चालावे, एवढीच विनंती.